जमीन त्यांची, मग परत का देत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. कॅनडातल्या व्हँकुव्हरला, इथल्या विद्यापीठात मुलांच्या पदवीदानाला आलेले काका-काकू मला हमखास विचारतात, "कार्यक्रमाच्या आधी स्टेजवरून सांगतात, ही जमीन मस्क्वियम लोकांची आहे. एवढं कळतंय तर परत का देत नाहीत? आणि त्यात आपला काय संबंध? इंग्रजांनी आपल्यालाही लुटलंच की."

मस्क्वियम म्हणजे इथले मूळ आदिवासी. ते विद्यापीठ, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया, शहराच्या पश्चिम टोकाला, पॉइंट ग्रे या भूशिरावर आहे. १९२५ पासून वर्ग तिथे भरतात. ही जमीन मस्क्वियमांकडून कुणी विकत घेतली नाही, त्यांच्याशी करार केला नाही, लढून जिंकली असंही नाही. कॅनडाच्या बऱ्याच भागांत निदान करारांचे कागद झाले. ब्रिटिश कोलंबिया या आमच्या प्रांताच्या बहुतांश भागात तेवढंही झालं नाही. खरेदीखत नसताना सातबाऱ्यावर नाव चढावं, तसं हे. मूळ मालक आजही कॅम्पसच्या दक्षिणेला, फ्रेझर नदीच्या मुखाशी, एका छोट्या रिझर्व्हवर, म्हणजे सरकारने आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहतात.

"मग इतकी वर्षं गप्प का बसले?" हा पुढचा प्रश्न. कायद्याने त्यांचं तोंड बंद केलं होतं. विद्यापीठ पॉइंट ग्रेला आलं आणि दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, 'इंडियन ॲक्ट'मध्ये (इथे 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, कॅनडातले आदिवासी) एक कलम घातलं गेलं. जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हा गुन्हा ठरला. म्हणजे वकील लावायची सोयच संपली. हे कलम १९५१ पर्यंत होतं. १८७६ च्या मूळ कायद्यातली तरतूद तर याहून भयंकर. आदिवासी माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली की कायद्याच्या नजरेत तो आदिवासी उरतच नसे, आपल्या समाजातला त्याचा हक्क जायचा. ही सक्ती चार वर्षांनी सैल झाली, पण सरकारला शिक्षणाकडून काय हवं होतं ते त्यातून स्वच्छ दिसतं. आपली मुलं गाऊन घालून मंचावर चढतात तेव्हा मला ते कलम आठवतं आणि पोटात कालवतं.

बंदी उठल्यावरही फसवणूक थांबली नाही. १९५० च्या दशकात मस्क्वियमांची १६२ एकर जमीन सरकारी अधिकाऱ्यांनी एका गोल्फ क्लबला भाड्याने दिली, आणि तीही मस्क्वियमांनी मान्य केलेल्या अटींपेक्षा कितीतरी वाईट अटींवर. ते कोर्टात गेले आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. आदिवासींची जमीन हाताळताना सरकारने त्यांचं हित जपलंच पाहिजे, हे तत्त्व कॅनडाला त्या खटल्याने दिलं. हे लोक बिचारे आहेत, अशा सुरात कुणी बोललं की मी म्हणूनच अडवते.

विद्यापीठाने काय केलं? मेन मॉलवर, कॅम्पसच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्यावर, एक उंच खांब आहे. हायडा या दुसऱ्या आदिवासी समाजाचे शिल्पकार जेम्स हार्ट यांनी तो शेकडो वर्षांच्या रेड सीडरच्या एका खोडातून कोरला आणि २०१७ मध्ये तो उभारला गेला. मध्यावर निवासी शाळेची इमारत कोरलीय. आदिवासी मुलांना घरातून उचलून अशा शाळांत ठेवत, त्यांची भाषा बोलू देत नसत. सुमारे दीड लाख मुलं त्यातून गेली, हजारो मेली. खांबावरच्या मुलांच्या अंगात युनिफॉर्म आहे, त्यावर नंबर आहेत, आणि त्यांना पावलं कोरलेली नाहीत. लाकडात तांब्याचे खिळे ठोकलेत, शाळेत मेलेल्या मुलांसाठी. त्यातले कितीतरी खिळे त्या शाळांतून वाचलेल्यांनी स्वतःच्या हातांनी ठोकले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, कुलगुरू सांता ओनो यांनी त्या व्यवस्थेतल्या विद्यापीठाच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. शाळांचं ते तंत्र चालवणारे अधिकारी विद्यापीठांतच तर शिकून बाहेर पडले होते.

रस्त्यांच्या पाट्यांवर आता मस्क्वियमांची हंकमीनम भाषाही आहे. पण पाट्यांपेक्षा मला मोलाचं वाटतं ते १९९७ पासून मस्क्वियमांच्या सोबतीने विद्यापीठात त्या भाषेचे वर्ग चालतात ते. लॅरी ग्रँट हे मस्क्वियम ज्येष्ठ तिथे शिकवत आलेत. त्यांची आई मस्क्वियम, वडील चीनमधून पोटासाठी आलेले.

राहिली जमीन. थोडी परत गेली, तीही प्रांतिक सरकारने समझोता केला म्हणून. २००८ मध्ये विद्यापीठाशेजारचं गोल्फ कोर्स (खटल्यातलं नव्हे, दुसरं) आणि एक जंगलपट्टा मस्क्वियमांच्या नावावर झाला. गोल्फ कोर्स मात्र २०८३ पर्यंत गोल्फ कोर्सच ठेवायचं, ही अट. स्वतःच्या जमिनीवर काय करायचं ते अजून दुसऱ्याने ठरवायचं! म्हणून "परत का देत नाहीत" हा तुमचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. कॅम्पस जिथे उभं आहे, तिथे त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आणि आपला संबंध? १९१४ मध्ये याच व्हँकुव्हरच्या बंदरात कोमागाटा मारू जहाजातल्या आपल्या लोकांना दोन महिने अडकवून बहुतेकांना परत धाडलं. या प्रांतात भारतीयांना १९०७ पासून मत नव्हतं. ते १९४७ मध्ये मिळालं. आदिवासींना प्रांतातलं मत त्यानंतर दोन वर्षांनी मिळालं, आणि देशाच्या निवडणुकीत कायद्यातला आदिवासी हा दर्जा न गमावता मत द्यायला १९६० उजाडलं. त्यांच्याच भूमीत आपण त्यांच्या आधी मतदार झालो. इंग्रजांनी आपल्याला लुटलं हे खरंच आहे. पण इथे यायचा व्हिसा आपल्याला मस्क्वियमांनी दिला नाही, त्यांची जमीन घेणाऱ्या सरकारने दिला, आणि आपण तो आनंदाने घेतला.

आपली मुलं इथे स्थानिक मुलांच्या कित्येक पट फी भरतात. त्यासाठी गावाकडे घरं तारण ठेवली जातात, हे मी जवळून बघते. एवढे पैसे देणाऱ्यांनी विद्यापीठाला थेट विचारावं, भाषेच्या वर्गांना यंदा किती दिले? जमिनीची बोलणी कुठवर आली? मुलांना सांगा, विद्यार्थी संघटनेतर्फे हे लेखी विचारा. मसुदा मराठीत लिहून द्या, इंग्रजी मी करून देईन.