पोटातले पाणी आणि शिळा पेपर

काल संध्याकाळपासून करंट नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडच्या आमच्या भागात पावसाळ्यात याचे कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र सकाळची डायलिसिसच्या पाण्याची बॅग कोमट करण्याची चिंता होती. ती गरम पाण्यात बुडवायची नाही, कारण तोंडाशी ओल राहिली की जंतूंना वाट मिळते, असे शिकवलेले असल्यामुळे दोन लिटरची ती बॅग तासभर घोंगडीत पोटाशी धरून बसलो. ‘अहो, अंडी उबवताय की काय?’ असे हिने विचारले.

मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले, तेव्हा आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्रावर झोपायला बेळगावला जाणे, आणि तेही आमच्या रस्त्याने, मला झेपणारे नव्हते. म्हणून पोटाचे डायलिसिस घेतले, म्हणजे घरच्या घरी नळीने पोटात पाणी भरायचे आणि रक्तातली घाण त्यात उतरली की ते सोडून द्यायचे. सरकारचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली यंत्रापासून सुरू झाला, पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ साली आल्या. माझ्या बॅगांचे पैसे मात्र आजही पेन्शनीतूनच जातात. दिवसातून चार वेळा दारे-खिडक्या लावायच्या, मास्क बांधायचा, हात धुवायचे, जुने पाणी सोडायचे, नवे भरायचे. शाळेत हजेरी भरायचो त्याच शिस्तीने वहीत लिहितो : आत २००० मिली, बाहेर २१५०, वजन, बीपी, पायावर सूज आहे की नाही.

या वहीचे मोल गेल्या वर्षी कळले. पोट दुखू लागले आणि बाहेर आलेले पाणी तांदूळ धुतल्यासारखे दिसले. ती बॅग तशीच पिशवीत घालून बेळगाव गाठले. एका रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पित्ताची गोळी देऊन उद्या यायला सांगितले. मी हटलो नाही. माझे कन्नड बाजारापुरते असले तरी सिस्टरला ‘राडी नीरू’, म्हणजे गढूळ पाणी, एवढे सांगता आले, वही उघडून चार दिवसांचे आकडे दाखवले आणि पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजा, अशी विनंती करत राहिलो. एका मायक्रोलिटरमध्ये शंभराच्या वर गेल्या की जंतुसंसर्गाचा संशय धरतात. माझ्या त्याहून कितीतरी जास्त निघाल्या. मग प्रतिजैविक बॅगेतूनच पोटात सोडले गेले. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, कारण असा रुग्ण त्यांनी बहुधा पाहिलेला नसावा. पण घरी गोळी खाऊन निजलो असतो तर, हा विचार अजून अधूनमधून येतो. औषध ठरवणे माझे काम नव्हे, पण माझ्या पोटातून काय बाहेर पडले, हे माझ्याइतके कुणी पाहिलेले नसते.

बाहेर आलेले पाणी स्वच्छ आहे की नाही, हे पाहायला बॅगेखाली छापील कागद ठेवून अक्षरे वाचायची असतात. आज पेपरची गाडी आली नाही. परवाचा अंक इतक्यांदा वाचून झालेला की पाणी गढूळ असते तरी तो मी घडाघडा म्हटला असता. ‘न वाचलेले काहीतरी दे,’ असे हिला सांगितले, तर तिने दाराआडून लाइट बिल सरकवले. कन्नडमधली ती बारीक अक्षरे टॉर्चच्या उजेडात एकेक लावत गेलो. सगळी दिसली, भरण्याची शेवटची तारीखसुद्धा. ती परवाच होऊन गेली होती.