आमची वाटचाल: कामशेत ते कास्तेल्लुच्चो

पावसाळा आला की कामशेतचं उड्डाण बंद. विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी पंख, वाळवायच्या, सैल गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या आणि ऑक्टोबरची वाट पाहायची. पॅराग्लायडिंगच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. उत्पन्न थांबतं, पोरांचे पगार आणि जागेचं भाडं थांबत नाही. या चार महिन्यांत काय करायचं, या प्रश्नातूनच आमची कंपनी आज आहे तिथे पोचली.

2011 च्या हिवाळ्यात एक इटालियन पायलट आमच्याकडे उडायला आला. तिकडे बर्फ पडतं तेव्हा युरोपातले बरेच जण कामशेत गाठतात, त्यातलाच तो. माणूस मितभाषी, पण विंग पॅक करताना कापडाचा एकेक कप्पा हाताने सरळ करायचा, पुढच्या काठाच्या काड्या वाकू नयेत म्हणून घडीवर घडी ठेवायचा. विंग कशी गुंडाळतो यावरून मी माणूस ओळखतो आणि त्यात आजवर फसलो नाही. तो म्हणाला, तुमचं बंद असतं तेव्हा आमच्याकडे ऐन हंगाम असतो. पुढच्या जूनमध्ये मी त्याच्या गावी, कास्तेल्लुच्चोला गेलो. भागीदारी तिथेच शब्दावर ठरली, कागद नंतर झाले.

कास्तेल्लुच्चो हे मध्य इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या नोर्चा शहराच्या हद्दीतलं, 1452 मीटरवर टेकडीच्या माथ्यावर बसलेलं छोटंसं गाव, सिबिल्लिनी राष्ट्रीय उद्यानात येतं. नोर्चाहून घाटाची वळणं चढून वर आलं की एकदम पियानो ग्रांदे उघडतं: चारी बाजूंनी डोंगर आणि मधे सपाट माळ, एका जुन्या तळ्याचा तळ. इथून पाणी वाहून न्यायला नदी नाही. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी मेर्गानीच्या चरातून जातं आणि एका विवरातून जमिनीच्या पोटात शिरतं. माळावर झाड जवळजवळ नाही. एका उतारावर मात्र इटलीच्या नकाशाच्या आकारात लावलेलं झाडांचं रान आहे, देशाच्या एकीकरणाच्या शताब्दीचं, 1961 चं. शिकाऊ पायलटला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. उतार गवताळ, विजेच्या तारा नाहीत, उतरायला जागाच जागा. सकाळी ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवरच विंग सांभाळायचा सराव, दुपारी थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, तापले की विंग खाली, संध्याकाळी वारा निवळला की पुन्हा उतारावर. टँडेम, म्हणजे पायलटसोबत जोडीने उडणं, मात्र तिथला परवाना असलेल्या पायलटकडूनच. यात आम्ही कधी सूट घेतली नाही आणि तुम्हीही घेऊ नका. एकट्याने उडणाऱ्यांनी इप्पी कार्ड (पायलटची पातळी दाखवणारं आंतरराष्ट्रीय कार्ड) आणि विमा पुण्यातच करून निघावं. तिथे जाऊन बघू म्हणणाऱ्याचे दोन दिवस फुकट जातात.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत माळ रंगतो. कासची फुलं कातळावर आपली आपण येतात. इथली शेतातली आहेत. मसुराच्या पट्ट्यांत तण म्हणून रानमोहरीचा पिवळा येतो, पॉपीचा लाल, कॉर्नफ्लॉवरचा निळा. शेतकरी तणनाशक मारत नाहीत म्हणून हा फुलोरा आहे. तेव्हा फोटोसाठी शेतात पाऊल टाकायचं नाही. बांधावरून चाला. आमच्या तुकडीत ही पहिली सूचना असते आणि ती मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी आम्ही घेत नाही.

हे आम्हाला शिकवलं लातूरच्या अण्णांनी. अण्णा डाळमिलवाले, आयुष्य तूर-हरभऱ्यात गेलेलं. पहिल्याच वर्षी मुलाच्या हट्टाने आले. उडण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी बांधावर उकिडवं बसून मसुराच्या रोपाची एक शेंग नखाने उघडली, कोवळा दाणा तळहातावर घेऊन उन्हात धरला. नंतर गावातल्या दुकानातून तयार मसूर घेतला. बारीक दाणा, एकाच मुठीत हिरवट, पिवळसर, तपकिरी असे सगळे रंग. भिजवायची गरज नाही, साल इतकं पातळ. 1997 पासून या मसुराला युरोपात भौगोलिक मानांकन आहे, हे सांगितल्यावर अण्णांनी भाव विचारला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर ते दरवर्षी यायला लागले, कधी जावई घेऊन, कधी सोयरे घेऊन. निम्मा लातूर आमच्याकडे त्यांच्यामुळे आला.

मधली वर्षं बरी गेली.

24 ऑगस्ट 2016 च्या पहाटे मध्य इटलीत भूकंप झाला. अमात्रिचे गाव उद्ध्वस्त झालं, 299 माणसं गेली. आमचा हंगाम नुकताच संपला होता. 30 ऑक्टोबरला सकाळी दुसरा मोठा धक्का बसला, 6.5 चा. नोर्चाच्या सेंट बेनेडिक्ट बॅसिलिकाचा फक्त दर्शनी भाग उभा राहिला. कास्तेल्लुच्चोची बहुतेक घरं पडली. लोक आधीच बाहेर पडलेले असल्याने त्या दिवशी ढिगाऱ्याखाली कोणी दगावलं नाही, एवढंच. व्हेत्तोरे पर्वताच्या उतारावर फाटलेल्या जमिनीची रेघ उमटली. काही ठिकाणी खालची बाजू माणसाच्या उंचीएवढी खचली. रस्ता तुटला. भागीदाराच्या आईचं अतिथिगृह गेलं आणि तिला समुद्रकाठच्या हॉटेलात हलवलं.

आम्ही 2017 च्या तुकडीचा ॲडव्हान्स त्या अतिथिगृहाला भरून बसलो होतो. तो परत मागितला नाही. ज्या बाईचं घर पडलंय तिच्याकडे पैसे मागणारा माणूस मी नाही. इकडे गिऱ्हाइकांचे पैसे मात्र मागेल त्याला दिले. त्यासाठी गाडी विकली, घरचं सोनं बँकेत ठेवलं.

आमच्या शिकाऊ विंग गावातल्या एका तळघरात होत्या, म्हणजे आता रेड झोनमध्ये, प्रवेशबंदीच्या भागात. अग्निशमन दलाचे जवान सोबत असल्याशिवाय आत पाऊल टाकता यायचं नाही. पुढच्या वसंतात भागीदाराने त्या बाहेर काढल्या. पिशव्यांवर चुन्याचा थर, आत ओल. भूकंपातून आली म्हणून विंग थेट उडवायची नसते. कापडाची पोरॉसिटी, म्हणजे त्यातून हवा किती झिरपते ते मोजून घेतलं, प्रत्येक दोरीची लांबी तपासली, कॅराबिनर (विंग जोडायच्या धातूच्या कड्या) सरसकट बदलले. एका विंगचं कापडच गेलं होतं, ती कापून टाकली. दुसरी चांगली निघाली, फक्त डाव्या टोकाला फाटलेली. तिथे नारिंगी कापडाचं ठिगळ लावलं. निळ्या विंगवर नारिंगी ठिगळ, कारण निळं रिपस्टॉप, म्हणजे विंगचं न उसवणारं कापड, तेव्हा हाताशी नव्हतं. हे ठिगळ लक्षात ठेवा.

त्याच काळात पुण्यातल्या एका मोठ्या टूर कंपनीने आमच्या गिऱ्हाइकांना फोन सुरू केले. नाव घेत नाही. धंद्यातल्या लोकांना कळेल. "ते गाव आता नकाशावर नाही, ते लोक तुमचे पैसे बुडवणार, आमच्याकडे स्वित्झर्लंड घ्या." आमच्या गिऱ्हाइकांची यादी त्यांच्याकडे कशी गेली ते मला माहीत आहे. आमच्याकडे काम शिकलेला मुलगा त्यांनी दुप्पट पगारावर नेला होता. मुलाबद्दल राग नाही, त्याच्या घरी गरज होती. पण घाव बसलेल्या गावाला मेलेलं सांगून माल विकायचा, हे मी आजही विसरलेलो नाही. बुकिंग जवळजवळ सगळं गेलं. बायको म्हणाली, कामशेत तेवढं ठेवू. अकाउंटंटही तेच म्हणाला.

अण्णांचा फोन आला. मी पैशांचं बोलायला गेलो तर त्यांनी तोडलं. त्यांचं आजोळ किल्लारीचं; 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे काय झालं ते त्यांनी पाहिलंय. ते म्हणाले, "घरं पडल्यात, रान थोडंच पडलंय? औंदा पेरा होणार का, तेवढं विचार त्यांना."

मी विचारलं. होणार होता. 2017 च्या वसंतात तुटक्या रस्त्यावरून ट्रॅक्टर ताफ्याने वर नेले आणि शेतकऱ्यांनी मसूर पेरला. अण्णांना कळवलं. त्यांनी आपले पैसे परत घेतले नाहीत, उलट लातूरहून आणखी दोन कुटुंबांना तयार केलं. आमची तुकडी खाली तंबूत आणि दूरच्या गावात राहिली, माळावर गेली, जेवण शेतकऱ्यांच्या केबिनमध्ये झालं. मसुराचं सूप, शेळी-मेंढीचं चीज, भाजलेला पाव. अण्णा तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी बसून होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णांनी बोटांनी दाखवलं, आमच्याकडे असंच झालं होतं, आणि त्या माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन वर्षांनी त्या मोठ्या कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत पियानो ग्रांदे आलं. "फुलांचं इटली", बसने अर्धा तास फोटो स्टॉप. सोबत आकाशात उडणाऱ्या विंगचा फोटो. निळी विंग, डाव्या टोकाला नारिंगी ठिगळ. दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. पुढच्या छपाईत फोटो गुपचूप बदलला. आमचं ठिकाण, आमचा फोटो, आणि त्याच गावाला दोन वर्षांपूर्वी संपलं म्हणणारे हेच.

कोविडने सगळ्यांनाच बसवलं, आम्हालाही. त्यातच ऑक्टोबर 2020 पासून परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच गिऱ्हाइकाकडून घ्यायचा कर, आला. त्यावर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल.

गाव अजून बांधलं जातंय. क्रेन दिसतात, भागीदाराची आई आता केबिनमधून जेवण देते. फुलोऱ्याच्या शनिवार-रविवारी खासगी गाड्यांवर निर्बंध असतात, म्हणून आम्ही तुकडी सोमवारी वर नेतो. आपल्या धंद्यातल्या नव्या मुलांनीही हेच करावं. व्हेत्तोरे, 2476 मीटर, फोर्का दि प्रेस्ता खिंडीतून करायचा असेल तर पहाटे निघा. चढ नऊशे मीटरच्या वर आहे आणि दुपारी माथ्यावर ढग व वीज येते. वरून पिलातोचं तळं दिसतं, चष्म्याच्या दोन काचांसारखं. त्याच्या काठावर जायचं नाही. जगात फक्त तिथेच राहणाऱ्या एका बारीक लाल कोळंबीची अंडी त्या काठच्या खडीत असतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात तळं आटलं तरी ती तशीच टिकून राहतात. काठ्या घेऊन या, पण टोकाला रबर लावून.

तुकडी आम्ही मुद्दाम लहान ठेवतो. नोंदणी दिवाळीनंतर सुरू होते. फ्लाइटआधी शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं बघा, कारण जूनच्या तारखा मार्चमध्ये मिळत नाहीत. अण्णांच्या घरच्या दोन जागा दरवर्षीप्रमाणे राखून ठेवल्या आहेत, बाकीच्या खुल्या आहेत.