सगळंच एका पातेल्यात उकळू नका

पावसाळ्यात घरात कुणी शिंकलं की तुळस, गवती चहा, अडुळसा, आलं, असेल तर गुळवेलीचं कांडं, सगळं एकाच पातेल्यात पडतं आणि पाणी पावपट होईपर्यंत उकळत राहतं. आपण त्याला काढा म्हणतो. आयुर्वेदात मात्र वनस्पती वापरायच्या पाच मूळ रीती आहेत: पिळून काढलेला स्वरस, वाटलेला कल्क, उकळलेला क्वाथ, रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेला हिम आणि गरम पाण्यात झाकून ठेवलेला फांट. कुंडीतल्या कुठल्या झाडाला यातली कुठली रीत चालते, एवढं कळलं तरी घरगुती औषधातल्या निम्म्या चुका टळतात.

तुळस आणि गवती चहा ही फांटाची झाडं. त्यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. तुळशीत मुख्यतः युजेनॉल, गवती चहात सिट्रल. वीस मिनिटं उघडं उकळलं की स्वयंपाकघरभर छान वास सुटतो, पण तो वास म्हणजेच कपातून निघून गेलेलं तेल. आलं कठीण असतं, म्हणून ते आधी: दोन कप पाण्यात अर्धा इंच आलं ठेचून पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करा. मग तुळशीची आठ-दहा पानं हाताने चुरगळून आणि गवती चहाची दोन पाती बारीक कापून टाका, घट्ट झाकण ठेवा आणि सात-आठ मिनिटांनी गाळा. झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला साचलेले थेंब परत पातेल्यात पाडा, तेल त्यातही असतं. मध घालायचा असेल तर कोमट झाल्यावर. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलाही नको.

अडुळशाचं वेगळं आहे. त्यातलं औषधी द्रव्य, व्हॅसिसिन, उडून जाणारं नाही. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन याच व्हॅसिसिनवरून तयार झालं, त्यामुळे अडुळशाला नुसती आजीबाईची समजूत म्हणणं चूक. अडचण निराळीच येते: ताजं पान कितीही कुटलं तरी रस सुटत नाही आणि लोक वैतागून मिक्सरमध्ये पाणी घालतात. मग रस किती आणि पाणी किती, कळायला मार्ग उरत नाही. जुनी रीत पुटपाकाची, म्हणजे पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजायचा. घरी मोदकपात्र पुरतं. पूर्ण वाढलेली, हिरवी, कीड नसलेली दहा-बारा पानं धुऊन दहा मिनिटं वाफवा, गार होऊ द्या, खलबत्त्यात कुटा आणि सुती फडक्यातून पिळा. मोठ्या माणसाला एका वेळी 10 मिली, म्हणजे दोन छोटे चमचे, तेवढ्याच मधातून, दिवसातून दोनदा. रस रोज ताजा काढा, फ्रीजमध्ये साठवू नका. छातीत कफ साठून घरघर होत असेल तेव्हा याचा उपयोग. गरोदर बाईला अडुळसा पोटात देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवावी, कारण अडुळसा देतात बहुधा तेच.

लहान मुलांच्या साध्या सर्दीला पानओवा सौम्य. जाड, लवदार, कातरलेल्या कडांचं पान. ओव्याचे दाणे ज्या रोपाला येतात ते हे नव्हे, वास तेवढा सारखा. एक पान तव्यावर मऊ होईपर्यंत गरम करून पिळलं की अर्धा चमचा रस सहज निघतो. एक वर्षावरच्या मुलाला तो मधातून द्यावा.

कोरफडीत चूक होते ती पिवळ्या चिकाची. साल आणि गर यांच्यामध्ये हा कडू चीक असतो. तोच वाळवला की काळा बोळ होतो आणि तो जोरदार रेचक आहे. खालचं जाड पान बुडापासून कापून, कापलेली बाजू खाली करून पेल्यात पंधरा मिनिटं उभं ठेवा. चीक निथळतो. मग काटेरी कडा आणि साल काढून गर पाण्याखाली धुवा. भाजल्यावर लगेच गर थापू नका. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, मग गर. फोड फुटला असेल, भाजलेली जागा स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर नाहीतर सांध्यावर असेल, तर काहीही न लावता दवाखाना गाठा.

गुळवेलीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. कोविडच्या काळात लोकांनी ती महिनोन्महिने रोज प्यायली आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी घरी दोन्ही गोष्टी पाळता येतात. आपल्या गुळवेलीच्या खोडाची वरची साल कागदासारखी पातळ सुटते. खोडभर ठळक गाठी असतील तर ती वेल वापरू नका. आणि रोजची सवय करू नका. यकृताचा किंवा स्वयंप्रतिरोधक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको.

निगडी, म्हणजे निर्गुडी, पोटात घ्यायची गरजच नाही. पानांना एरंडेल लावून तव्यावर गरम करा आणि जुन्या गुडघेदुखीवर सोसेल इतपत शेक घेऊन बांधा. पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस बर्फच, शेकाने सूज वाढते.

रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाची पानं लगेच तोडू नका. त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, आणि काही औषधं झाडाच्या आत भिनतात, धुऊन जात नाहीत. जुनी पानं छाटून टाका, दोनेक महिने जाऊ द्या आणि नंतर आलेली नवी पालवी वापरा. रस्त्याकडेची तुळस तर नकोच.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर अडुळसा थांबवून थुंकीची तपासणी करून घ्या, क्षयरोगाची शंका तिथून सुरू होते. पावसाळ्यात ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर रक्त तपासायला द्या, आणि डॉक्टरांना काय काय प्यायलो ते झाडाच्या नावासकट सांगा.