तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलात, एबी फॉर्म आणि द्राक्षं

"एवढी फॉरेन सर्व्हिस सोडून राजकारणात गेलात, तिथे जमेना म्हणून धंद्यात, असंच ना?" लग्नाच्या पंगतीत हेच, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत हेच. नाही, असं नाही.

फॉरेन सर्व्हिसमधूनच मंत्रिपदावर गेलेल्या नटवरसिंह, हरदीप पुरी, जयशंकर यांची उदाहरणं कृपा करून देऊ नका. ते केंद्रात गेले. मी राज्यात आलो, आणि परराष्ट्र व्यवहार राज्याच्या अखत्यारीत येतच नाहीत. शेती येते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या फळात उरलेल्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडली, तेव्हा मी तिकडच्याच एका वकिलातीत व्यापाराचं टेबल सांभाळत होतो. माल बंदरात अडकलेला आणि मी सुबक पत्रं लिहितोय. पत्रांनी अंश उतरत नाही. इलाज बागेत होता, प्रयोगशाळेत होता, मुंबईत होता. म्हणून आलो. स्वेच्छानिवृत्तीइतकी वर्षं भरली नव्हती, सरळ राजीनामा दिला, पेन्शनवर पाणी.

पुणे पदवीधर या विधान परिषदेच्या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोरी होते, पदवीधरांना नव्याने नाव नोंदवावं लागतं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, नमुना १८ चे, म्हणजे त्या नोंदणीच्या अर्जाचे, गठ्ठे घेऊन मी फिरलो. तिकीट पक्कं, असं सांगितलेलं. शेवटच्या दिवशी आयुक्त कार्यालयाच्या आवारात उभा. मुदत दुपारी तीनची. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म यायचा होता. "साहेब, एबी फॉर्मनं लोणावळा सोडलं." मग, "वाकडला आलाय." मग फोन बंद. पावणेतीनला गाडी आली. उतरलेल्या तरुणाच्या हातात फॉर्म होता, त्याच्याच नावाचा. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, "काका, आशीर्वाद द्या." कॅमेरे तयारच होते. मी दिला. मागून आमचा तासगावचा कार्यकर्ता ओरडत होता, "साहेब, अपक्ष भरा, दहा मिनिटं आहेत अजून!" सूचकांच्या सह्या झालेला अर्ज माझ्याच बॅगेत होता. मी भरला नाही.

का नाही भरला? माझ्यातला जुना अधिकारी म्हणतो, शोभा राखलीस. मी त्याला म्हणतो, शोभा कसली, साउथ ब्लॉकहून, म्हणजे दिल्लीच्या परराष्ट्र खात्यातून, तार येईपर्यंत हलायचं नाही ही तुझीच सवय. तो म्हणतो, अपक्ष पडला असतास. असेन. हा वाद रात्री-अपरात्री अजून चालतो.

धंद्याचं म्हणाल तर वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना बांधणाऱ्या व्हिएन्ना कराराचं (१९६१) ४१वं कलम यजमान देशाच्या राजकारणात पडू देत नाही, ४२वं तिथे स्वतःच्या नफ्याचा धंदा करू देत नाही. दोन्ही पथ्यं नोकरीभर पाळली. आता मार्केट यार्डात द्राक्षनिर्यातीचं ऑफिस आहे, तासगावकडे पॅकहाऊस. ओळखींचा फायदा होतो का? होतो. रॉटरडॅमचा खरेदीदार माझा फोन उचलतो, इतरांचा नसेल उचलत. पण अंशाचा रिपोर्ट वाईट आला तर माझाही माल परत येतो. आलाय.

"पुढची पदवीधर लढवणार का?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. नमुना १८ भरलाय, मतदार म्हणून. बाकीचं घरात अजून बोललेलो नाही.