पुणे-हंपी सायकल टूर: विजापूरचा रेस्ट डे

तीन दिवसांत साडेतीनशे किमी झाले होते, त्यातले शेवटचे शंभर सोलापूर ते विजापूर. भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, मग दोन्हीकडे नुसती ज्वारी न् तूर, सावली जवळजवळ नाहीच. त्यामुळे चौथ्या दिवशी सायकल चालवायची नाही हे आधीच ठरलेलं. (पाट्यांवर 'विजयपुर' असतं, २०१४ ला नाव बदललंय.)

एकच गोष्ट ऐका, गोल घुमटाला सकाळी उघडल्या उघडल्या जा. नंतर शाळांच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात अशी ओरडाओरड चालते की काही म्हणजे काही कळत नाही. आम्ही गेलो तेव्हा वर आम्ही चौघंच. मी भिंतीला कान लावून बसलो, मित्र बरोब्बर समोरच्या बाजूला, मधे ३८ मीटरच्या आसपास अंतर, आणि तो अगदी हळू म्हणाला "पाय दुखतायत का रे?" ते माझ्या शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू आलं, अंगावर काटाच आला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, तो १६५६ ला वारला, आणि एवढ्या प्रचंड दालनात मधे एकही खांब नाही. जिने कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून आहेत, अरुंद, पायऱ्या उंच, आदल्या दिवशी शंभर किमी केलेल्या पोटऱ्यांना उतरताना चांगलंच जाणवतं. गुडघा दुखत असेल तर सरळ खालूनच बघा, पुढं हंपीपर्यंत जायचंय. समोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं.

दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही. पोटभर खाऊन दोन तास झोप काढली, मग कपडे धुतले, चेन पुसून ऑइल केलं.

चारला रिक्षा केली. आधी मुलुख मैदान तोफ, ही १५४९ ला आपल्या अहमदनगरला ओतलेली, निजामशाहीतली. तोंड सिंहाचं आणि जबड्यात हत्ती, जवळ जाऊन नीट बघा. मग इब्राहिम रोजा, आणि हा मात्र अजिबात सोडू नका, बरेच जण घुमट बघून परत फिरतात त्याचं फार वाईट वाटतं. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद. खिडक्यांच्या दगडी जाळ्यासुद्धा अक्षरांच्याच कोरल्यात. घुमट आकाराने गप्प करतो, इथं मात्र एकेका कोरीवकामापुढं पाय निघत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं की दगडाचा रंग बदलतो, आम्ही तासभर नुसते बसून होतो.

दुसऱ्या दिवशी बदामी, सव्वाशेच्या आसपास पडतं, म्हणून उजाडायच्या आत निघा. पाणी विजापुरातच भरून घ्या. वाटेत कोल्हारला कृष्णेवरचा लांबलचक पूल लागतो, अलमट्टीचं बॅकवॉटर दोन्ही बाजूला, तिथं आडवा वारा असला तर हँडल घट्ट धरा आणि फोटो पूल संपल्यावरच काढा.