छातीचा पट्टा, बारबेल आणि कॅलरींचा आकडा : बारा आठवड्यांची नोंद

गेले बारा आठवडे मी वजनांचा व्यायाम करताना छातीला हृदयगती मोजणारा पट्टा बांधतो आहे आणि प्रत्येक सत्रानंतर ॲपने दाखवलेल्या कॅलरी वहीत उतरवतो आहे. आठवड्याला चार सत्रे, प्रत्येक सुमारे ५५ मिनिटांचे. माझे वजन ७४ किलो, वय ४१. ॲपचा आकडा बहुतेक वेळा ४८० ते ५२० किलोकॅलरींच्या दरम्यान येत असे आणि मी तो खरा धरून आहाराचा हिशेब करत होतो. आता तसा करत नाही.

शंका आली ती पाचव्या आठवड्यात. त्या आठवड्यात मी दोन सत्रे मुद्दाम सारखी केली : स्क्वॉट, बेंच प्रेस आणि बारबेल रो, प्रत्येकी पाच सेट (सलग केलेल्या उचलींचे गट), तेच वजन, तितकेच रेप्स (एका सेटमधल्या उचली). फरक फक्त विश्रांतीचा होता. पहिल्या सत्रात सेटनंतर दीड मिनिट थांबलो. ते ३८ मिनिटांत संपले आणि सरासरी हृदयगती १२४ आली. दुसऱ्यात तीन मिनिटे थांबलो. त्याला ५८ मिनिटे लागली आणि सरासरी १०८ वर आली. ॲप आपले सूत्र उघड करत नाही, म्हणून केटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले, हृदयगती, वजन आणि वय यांवरून खर्च काढणारे सूत्र घेऊन मी स्वतः आकडेमोड केली. उत्तरे ४१९ आणि ४९९ किलोकॅलरी आली. ॲपचे आकडेही त्यांच्या जवळपासच होते.

म्हणजे उचललेले वजन तेवढेच, आणि वीस मिनिटे जास्त बसून राहिल्याबद्दल ८० किलोकॅलरी अधिक. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च ताशी दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी असतो. त्या हिशेबाने माझ्या वीस मिनिटांचे जेमतेम २५ होतात. सेटनंतर धाप लागते तेव्हा शरीर प्राणवायूची उधारी फेडत असते, तो खर्च खराच आहे. पण काम सारखे असेल तर ती उधारीही दोन्ही सत्रांत जवळपास सारखीच असणार.

कारण सूत्राच्या मुळाशीच आहे. ही सूत्रे ट्रेडमिलवर आणि सायकलवर एका लयीत चाललेल्या श्रमावरून बांधलेली आहेत. तशा श्रमात हृदयगती आणि प्राणवायूचा वापर बऱ्यापैकी हातात हात घालून वाढतात, आणि एक लिटर प्राणवायूमागे सुमारे पाच किलोकॅलरी खर्च होत असल्यामुळे ठोक्यांवरून कॅलरी काढणे रास्त ठरते. जड बारबेलखाली ही जोडी फुटते. आवळलेले स्नायू स्वतःमधल्याच रक्तवाहिन्या दाबतात, आपण श्वास रोखून पोट घट्ट धरतो, रक्तदाब एकदम चढतो, ॲड्रेनालिन वाढते, आणि या सगळ्यामुळे हृदय धावू लागते. मात्र त्या प्रमाणात प्राणवायू वापरला जात नाही. शिवाय वीस सेकंदांच्या सेटची बरीचशी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून आणि ग्लायकोजेनमधून येते. माझ्या डेडलिफ्टच्या नोंदींत हे स्पष्ट दिसते : पाचवा रेप संपून बार जमिनीवर टेकतो तेव्हा गती १०४ असते, आणि वीस सेकंदांनी, मी नुसता उभा असताना, ती १३९ वर जाते.

पडताळा म्हणून एका सेटचे यांत्रिक काम मोजून पाहिले, आणि मला वाटते हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करावा. स्क्वॉटला ८० किलोचा बार आणि शरीराचे वर उचलले जाणारे अंदाजे ६० किलो मिळून १४० किलो, उंची ६० सेंटिमीटर, दहा रेप्स : सुमारे ८,२०० ज्यूल, म्हणजे दोन किलोकॅलरींहून थोडे कमीच. स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली तर एका सेटचा खर्च दहाच्या घरात जातो. बार खाली आणण्याचा वेगळा धरूनही, असे पंधरा सेट मिळून पाचशेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यातही बेंच आणि रो स्क्वॉटपेक्षा बरेच हलके पडतात. शारीरिक हालचालींच्या प्रचलित तक्त्यात निरनिराळ्या व्यायामांच्या ८ ते १५ रेप्सच्या सत्राला ३.५ मेट, म्हणजे स्वस्थ बसलेल्या खर्चाच्या साडेतीन पट, दिलेले आहेत; त्यावरून माझ्या ५५ मिनिटांचे साधारण २३७ किलोकॅलरी निघतात. पट्ट्याच्या निम्मे.

वजनकाट्याने तेच सांगितले. पट्ट्याचे आकडे जमेस धरून मी रोज सुमारे २५० किलोकॅलरींची तूट ठेवत होतो. किलोभर चरबीमागे ७,७०० धरल्या तर बारा आठवड्यांत २.७ किलो उतरायला हवे होते. साप्ताहिक सरासरीने उतरले १.२ किलो. स्नायूंची वाढ, शरीरातले पाणी आणि माझ्या मोजमापातल्या चुका यांना काही वाटा द्यावा लागेल, पण सत्रामागे २४० किलोकॅलरी जास्त मोजल्या गेल्या असे धरले की तफावत जवळजवळ पूर्ण भरून निघते.

दोष पट्ट्याचा नाही, हे आवर्जून लिहितो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो आणि त्याचे इलेक्ट्रोड ओले करून बांधला तर ठोके उत्तम मोजतो. मनगटावरचे प्रकाशीय घड्याळ मात्र बार घट्ट पकडला की माझ्याबाबतीत वारंवार चुकले. चूक होते ती ठोक्यांचे कॅलरींत रूपांतर करताना.

म्हणून आता वहीतला कॅलरींचा रकाना बंद केला आहे. आहारासाठी सत्रामागे सरसकट २४० धरतो आणि दर पंधरा दिवसांनी वजनाच्या सरासरीवरून तो आकडा सुधारतो. पट्टा अजूनही बांधतो, पण आता ८० किलोच्या स्क्वॉटच्या दहा रेप्सनंतर गती शिखरावरून ११० वर यायला किती वेळ लागतो, एवढेच लिहितो. ॲपमधले जुने आलेख तपासले तेव्हा पहिल्या आठवड्यात हा वेळ २ मिनिटे ४० सेकंद होता. या आठवड्यात १ मिनिट ५५ सेकंद आला. उकाड्याच्या संध्याकाळी तो लांबतो असे दोनदा दिसले आहे, त्यामुळे पुढचे चार आठवडे हा सेट फक्त सकाळी, सत्राच्या सुरुवातीलाच घेणार आहे.