तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टीत वाचायची विमानाची पुस्तकं

मे महिना तोंडावर आला की नातेवाइकांपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत कुणीतरी हमखास विचारतं, "सुट्टीत वाचायला विमानांवरचं एखादं छान पुस्तक सांगा ना." कॉलेजात असताना मी हडपसरला ग्लायडिंग करायचो, तेवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ ठरवून टाकलंय. तर सांगतो.

आर्ट पेपरवरची, चकचकीत फोटोंची जाडजूड पुस्तकं मुंजीत द्यायला बरी. वाचायचं ते ज्यानं विमान स्वतः उडवलं त्याचं, आणि विमान जितकं छोटं तितकं उत्तम. ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, विंचची (जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राची) दोर खेचत वर नेते, नाक सरळ आभाळाकडे, जमीन दिसत नाही. मग पिवळी मूठ ओढायची. खट्कन दोर सुटते आणि कानात फक्त वारा. आता काय ते तुम्ही बघा! हे ज्या पुस्तकात सापडतं, ते चांगलं.

अमेरिकन वैमानिक लिंडबर्गचं 'द स्पिरिट ऑफ सेंट लुईस' (1953) तसं आहे. 1927 साली तो न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा साडेतेहतीस तासांत गेला. समोर काच नाही, कारण तिथे पेट्रोलची टाकी. पुढचं बघायला एक छोटा पेरिस्कोप. वजन वाचवायला रेडिओ नाही, पॅराशूटही नाही. आदल्या रात्रीही झोप झालेली नव्हती, त्यामुळे अटलांटिकपेक्षा झोपेशीच जास्त झुंज. पैसे कसे उभे केले, विमान कसं बांधून घेतलं, हा सुरुवातीचा भाग लोक चाळून सोडतात. सोडू नका, हिशेबी पुणेकराला तोच जास्त आवडेल.

फ्रेंच वैमानिक-लेखक सेंट-एक्झुपेरीचं 'विंड, सँड अँड स्टार्स' वेगळ्या जातीचं. 1935 च्या डिसेंबरअखेर त्याचं विमान लिबियन वाळवंटात आदळलं. पाणी संपल्यावर तो आणि त्याचा मेकॅनिक पंखांवरचं दव फडक्यानं टिपून पितात. त्या दवात विमानाचं तेल आणि रंग मिसळलेला. हे मी चहा पिता पिता वाचत होतो. चहा तसाच राहिला.

पण एकच घ्यायचं असेल, तर फेथ जॉन्स्टन यांचं 'फोर माइल्स टू फ्रीडम'. 1971 च्या युद्धात पाडले गेलेले आपले वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत कैदेत होते. ऑगस्ट 1972 मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी कोठडीची भिंत पोखरून निसटले. पेशावर गाठलं, पुढे लंडी कोतलही. अफगाण सरहद्द चार मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं म्हणून विचारलं. नकाशात ते रेल्वे स्टेशन होतं, पण 1932 सालीच बंद पडलेलं! लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. यात उड्डाण फारसं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मुंबईच्या चौपाटीवर 1895 साली शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवल्याबद्दलची पुस्तकंही विचारतात. भरवशाचा पुरावा नाही. प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या संस्कृत ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवून दिलंय. करमणूक म्हणून खुशाल वाचा.

नववी-दहावीतल्या मुलांना आधी परुळकरांवरचं द्या. लिंडबर्ग जाडा आहे, तो कोकणात निवांत. आणि लोहगावहून विमानानेच निघणार असाल, तर सेंट-एक्झुपेरी घरीच राहू द्या.